आधी डबे की आधी आवाज

आज सकाळी डबे वाजले.

मोठं काही नाही. पोळ्यांची पहिली चळत तयार होती, जयवंती दुसऱ्या परातीत पीठ घेत होती आणि फळीवर एकावर एक रचलेले स्टीलचे डबे एकदा किणकिणले. त्याच्या आगेमागे कुठेतरी लांबवर धप्प असा आवाज झाला. समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा कपात घातल्या. आम्ही दोघींनी मात्र हातातलं काम तसंच टाकलं. असा आवाज झाला की आमच्या स्वयंपाकघरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. आधी डबे वाजले, की आधी आवाज आला?

मार्गशीर्ष लागला की मला तो हिवाळा आठवतो. मुद्दाम आठवावा लागत नाही. पहाटे भाजी चिरताना बोटं आखडतात, बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग दिसायला लागतात, चिंचणीहून आई सुके बोंबील पाठवते आणि औद्योगिक वसाहतीकडून येणारा तो कडवट-गोडसर वास थंडीमुळे वर न जाता गल्लीतच रेंगाळतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला उलट तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं, आज कंपन्या बंद की काय अशी शंका येते. माणूस कशालाही सरावतो हे म्हणायला ठीक आहे. सरावतो म्हणजे फक्त घाबरण्याची पद्धत बदलतो, असं माझं मत आहे.

मी बोयसरला डबे करते. जुन्या इमारतीचा तळमजला, मागच्या खोलीत शेगड्या, पुढच्या खोलीत डबे भरायची जागा. माझा नवरा प्रमोद रसायनांच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे. मोठमोठ्या टाक्यांमध्ये काहीबाही उकळत असतं, त्याचं तापमान वाढू द्यायचं नाही हे त्याचं काम. लग्न ठरलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, वाढलं तर काय होतं? तो म्हणाला, "वाढत नाही." याला उत्तर म्हणतात का? पण मी लग्न केलं.

जयवंती पोळ्या करायला येते ती कासा गावाच्याही पलीकडच्या एका पाड्यावरून. येते म्हणजे आठवडाभर इथेच मावसबहिणीकडे राहते आणि रविवारी घरी जाते. पूर्वी दिवाळी झाली, भात झोडून झालं, की ती आणि तिचा नवरा वीटभट्टीवर जायचे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा थापल्यावर त्यांनी एकदा स्वतःसाठी विटा आणल्या. कुडाचं जुनं घर, म्हणजे काठ्यांची भिंत आणि तिच्यावर शेणमातीचा गिलावा, ते पाडून तिथे विटांचं घर उभं केलं. पाड्यावर त्या घराचा थाट होता. तिची मुलगी रोशनी अंगणवाडीत जायला लागली, तेव्हा जयवंतीने ठरवलं की पोरीला भट्टीवर न्यायचं नाही. नवरा एकटा भट्टीवर गेला, रोशनी आजीजवळ राहिली आणि जयवंती माझ्याकडे आली. हे सगळं ती फार अभिमानाने सांगायची, आणि सांगताना पोळी जास्तच गोल व्हायची.

त्याच हिवाळ्यात जमीन हलायला लागली.

मोठे धक्के नव्हते. डहाणू-तलासरीच्या बाजूला जास्त, आमच्याकडे त्यांचं शेपूट यायचं. कधी दिवसा, कधी सलग, कधी आठवडाभर काहीच नाही, आणि तो आठवडाच सगळ्यात वाईट जायचा. दुसऱ्या कुठल्याही गावात जमीन हलली की लोक म्हणतील, जमीन हलली. बोयसर-तारापूरकडे एवढं सोपं नाही. इथे धप्प आवाज झाला की माणूस आधी कंपन्यांच्या दिशेला बघतो. डबे न्यायला येणारा एक रिक्षावाला दारातूनच विचारायचा, "भाभी, कौन-सी फटी?" फुटली का, हे तो विचारत नसे. कोणती, एवढंच.

पंचाईत पुढेच आहे. कंपनीत स्फोट झाला तर काय करायचं हे आम्हाला पाठ होतं: घरात राहायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, फटींत ओले कपडे कोंबायचे, कारण मागून वायू येऊ शकतो. भूकंप झाला तर काय करायचं हेही त्या हिवाळ्यात शाळाशाळांतून सांगून गेले: ताबडतोब मोकळ्यावर यायचं. म्हणजे एका कारणासाठी आत, दुसऱ्या कारणासाठी बाहेर, आणि ठरवायला हातात एक श्वास. आमच्या इमारतीतले राऊतकाका पहिल्या धक्क्याला बाहेर धावले, आवाज आठवून परत आत आले, खिडक्या लावल्या, आणि मग भिंती आठवून पुन्हा बाहेर. काकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "एकदाचं काय ते ठरवा, मी गॅस बंद करू की चप्पल घालू?" आम्ही त्या दिवशी पोट धरून हसलो. दुसऱ्या धक्क्याला मीही तेच केलं.

मग एक दिवस जेवताना प्रमोदने आम्हाला एक खूण सांगितली. जमीन हलली तर आधी वस्तू हलतील, आवाज मागून. कंपनी फुटली तर आधी आवाज, थरथर मागून. हे त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पण आम्हाला काहीतरी धरायला हवं होतं आणि आमच्याकडे डब्यांची फळी होती. जमिनीने नुसती कूस बदलली तरी डबे बोलायचे. आधी डबे तर भूकंप, आधी आवाज तर कंपनी. इतकं सोपं.

फक्त आमचं कधी जमायचंच नाही. मी शपथेवर सांगायची की आधी डबे किणकिणले. जयवंती म्हणायची, "नाय ताई, पयला आवाज आला. मंग डबं." एकाच खोलीत, एकाच परातीच्या दोन बाजूंना बसलेल्या आम्ही दोघी. मला तर ते डोळ्यांसमोर दिसायचं: आधी किणकिण, मग माझी मान वळते, मग धप्प. तिलाही दिसत असणार: धप्प, मग तिचा हात थांबतो, मग किणकिण. सुरुवातीला मी म्हटलं, हिचे कान तिखट असतील. मग म्हटलं, ही हट्टी आहे. ती हट्टी आहेच, ते वेगळं.

त्या दिवसांत ज्याला त्याला सगळं आधीच कळलेलं असायचं. राऊतकाकांचा मोत्या धक्क्याच्या आधी भुंकला होता. मोत्या दिवसभर भुंकतो, दूधवाल्यावर, पोस्टमनवर, वाळत घातलेल्या लुंगीवर. पण जमीन हलली नाही त्या दिवशीचं भुंकणं कोणाच्या लक्षात राहतं? कोणाला आदल्या दिवशी दूध नासलं होतं, कोणाचा डोळा लवत होता. घटना घडून गेली की माणूस मागे जातो आणि तिच्यासाठी वाट आखून येतो. चिंचणीला आईकडे गेले तर ती बोंबील वाळत घालता घालता म्हणाली, "दर्या गप होता गो चार रोज. मला तवाच वाटला, काय तरी हाय." मी म्हटलं, दर्या गप नसता तर काय म्हणाली असतीस? ती म्हणाली, "तरी पन वाटला असता." आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जयवंतीच्या पाड्यावर म्हणायचे, डोंगर फोडतायत म्हणून धरणी रागावली. प्रत्येकाकडे एक कारण होतं आणि ते उराशी घेऊन लोक बरे झोपत होते. कारण नसलेली भीती आपल्याला बाळगताच येत नाही.

जयवंतीच्या नव्या घराच्या भिंतीला त्याच दिवसांत तडा गेला. चुलीमागच्या कोपऱ्यातून निघून तिरका वर चढलेला. तिच्या सासूने एक युक्ती काढली होती: धक्का बसला की तडा जिथे संपतो तिथे कोळशाने आडवी रेघ मारायची. पुढच्या वेळी तडा रेघेच्या पुढे गेला की नवी रेघ. पाड्यावर सगळ्यांनीच मग तसं सुरू केलं. कुडाच्या घरांना तडे जात नव्हते. त्या भिंती झुलायच्या आणि पुन्हा जागेवर यायच्या. जयवंती रविवारी जाऊन आली की मी विचारायची, रेघ कुठवर आली? ती हाताने दाखवायची. आधी कमरेपाशी, मग खांद्यापाशी. सासू दुपारी रोशनीला त्याच भिंतीच्या कडेला झोपवते, चुलीची ऊब असते म्हणून, हेही तिने सांगितलं होतं. जागा बदल म्हणून तिने सासूला दहादा सांगून पाहिलं होतं. सासू म्हणायची, पोर तिथंच झोपते, दुसरीकडं रडते. पाड्यावर तेव्हा फोनला रेंज नव्हती, त्यामुळे धक्का बसला की रविवारपर्यंत जयवंती तोंडाला कुलूप लावायची.

एकदा असाच आवाज झाला. प्रमोद पहिल्या पाळीला होता. मी नेहमीसारखी म्हणाले, आधी डबे. जयवंती म्हणाली, "नाय ताई, कंपनीच फुटली आसंल." आणि ते तिने अशा सुरात म्हटलं, की जणू ती बरी बातमी होती. माझं डोकं फिरलं.

"तुला काय गं," मी म्हणाले, "तुझा माणूस नाही तिथे."

तिने लाटणं खाली ठेवलं. "माजी पोर तिकडं हाय," ती म्हणाली.

तो हिवाळाभर आम्ही दोघी एकाच आवाजाला दोन उलट नवस बोलत होतो, हे मला तेव्हा लख्ख कळलं. भूकंप असू दे, असं मी म्हणत होते; ज्या गोष्टीला जग घाबरतं, ती माझ्यासाठी सुटका होती, कारण मग प्रमोद सुखरूप. कंपनी असू दे, असं ती म्हणत होती, कारण मग भिंत जागेवर. आणि आमचे कान इमानी नोकरासारखे मालकिणीला हवं ते ऐकून येत होते. तिच्या मनात पाप नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण एकीचं मागणं पुरं व्हायचं तर दुसरीचं घर हलायला हवं होतं. मी तिच्याशी नीट बोलले नाही त्या दिवशी, तीही नाही. तरी डबे वेळेवर गेले.

त्यानंतर डबे वाजले की आम्ही दोघीही काही म्हणायचो नाही. नुसत्या एकमेकींकडे बघायचो, आणि ते भांडण्यापेक्षा अवघड होतं.

मग तो मोठा धक्का आला. दुपारचे डबे भरून ओट्यावर लावले होते. आवाज आणि डबे यांतलं आधी काय झालं, हे मी आजही सांगू शकत नाही, कारण सगळं एकदमच झालं: कानठळ्या बसवणारा आवाज, फळीवरून कोसळणारे रिकामे डबे, छताचा पोपडा, दिवे गेलेले. आणि इतके दिवस मनात घोकलेलं सगळं उलटंच झालं. मला भूकंप हवा होता, म्हणजे मी बाहेर धावायला हवं होतं. मी धावले खिडकीकडे. खिडकी ओढून घेतली, कडी लागेना, ओला पंचा शोधायला लागले. मनाच्या तळाशी मी कंपनीच फुटली हे धरून चालले होते. जयवंतीला कंपनी हवी होती, तिने आत थांबायला हवं होतं. तिने माझ्या दंडाला धरलं आणि मला फरफटत दाराबाहेर काढलं. जे आपल्याला हवं असतं ते आपण बोलतो, ज्याची भीती असते ते हातपाय करतात.

अंगणात सगळी इमारत उभी होती. मी प्रमोदला फोन लावत होते, लागत नव्हता. सगळं गावच एकमेकांना फोन लावत असणार. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. जयवंतीने फोन माझ्या हातातून घेतला आणि मला पायरीवर बसवलं. तिचा स्वतःचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"ताई," ती म्हणाली, "पयले डबं वाजले. मी आयकलं. आवाज मागनं आला. धरणीच हालली."

हिवाळाभर जे तिने एकदाही कबूल केलं नव्हतं, ते ती मला देत होती, आणि ते देताना ती स्वतःची भिंत पाडत होती. माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी ठरवून बोलले नाही. "नाही गं जयवंती," मी म्हणाले, "आवाज आधी आला. मला नीट ऐकू आलं. कंपनीच आहे."

आम्ही दोघी खोटं बोललो आणि दोघींनाही ते कळलं. ती माझ्याजवळ पायरीवर बसली.

प्रमोदचा फोन आला. "भूकंप होता गं. इथे काही नाही. डबा पाठवतेस ना?" मी हसले, रडले, त्याला वाटेल ते बोलले. छाती इतकी हलकी झाली की उडेन असं वाटलं. आणि त्याच क्षणी समोर जयवंती होती, आणि माझ्या आनंदाचं जे कारण तेच तिच्या भीतीचं होतं. भूकंपच होता, हे मला तिला सांगावं लागलं. तिने फक्त पदर खोचला. मी रिक्षावाल्याला डबे सोपवले आणि तिच्याबरोबर निघाले.

कासाकडे जाणाऱ्या शेअर गाडीत ती पुटपुटत होती. पोरीला काय झालेलं नसू दे, काय झालेलं नसू दे. मी बाहेर बघत होते आणि मनातल्या मनात तेच म्हणत होते. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भिंत पडली असेल तर पडली होती, उभी असेल तर उभी होती. आम्ही वेगात गेलो काय आणि रांगत गेलो काय. तरी आम्ही मागे वळून, झालेल्या गोष्टीकडे हात पसरून मागत होतो. माणसाने देव बहुतेक यासाठीच ठेवला असावा. पुढचं सांभाळायला आपण असतो थोडेफार, पण मागच्या दुपारी जाऊन पोरीला भिंतीपासून उचलायला कोण आहे? गाडीत कोणीतरी गाणं लावलं होतं, ते कोणीच बंद केलं नाही.

भिंत पडली होती. चुलीमागची, अख्खी. कोळशाच्या रेघा विटांच्या ढिगात कुठे कुठे दिसत होत्या. विटा झोपायच्या गोधडीवर पसरल्या होत्या. आणि खळ्यात, उन्हात, सुपात वाल घेऊन आजी आणि नात बसल्या होत्या. आजी सोलत होती, रोशनी दाण्यांचे डोळे मोजल्यासारखं काहीतरी करत होती. सकाळी शेंगांना दव होतं, म्हणून आजीने सोलायचं काम दुपारवर टाकलं होतं. रोशनीला दाणे खेळायला हवे होते म्हणून ती झोपली नाही. एवढंच. थंडी पडली म्हणून दव, दव पडलं म्हणून पोर.

जयवंती तिथेच मटकन बसली आणि पोरीला असं धरलं की पोर ओरडली. सासू मला म्हणाली, "मला सकालपास्नं वाटत होतं बाय, की आज पोरीला आत निजवू नये." राऊतकाकांच्या कुत्र्यावर हसणारी मी. पण मी म्हणाले, "हो आजी, तुम्हाला कळलंच असणार." आणि ते मी मनापासून म्हणाले. त्या बाईला त्या ढिगाकडे बघत पुढची सगळी वर्षं काढायची होती. केवळ दवामुळे, हे ओझं घेऊन कोण जगेल?

त्या घराची ती बाजू त्यांनी पुन्हा कुडाची बांधली. पुढे कधीतरी कंपनीतल्या एका साहेबांनी प्रमोदला सांगितलं की आवाज आणि थरथर यांच्या क्रमाचं ते काही खरं नाही, जवळचा धक्का असेल तर दोन्ही कसंही येतं. प्रमोदने ते मला सांगितलं, मी जयवंतीला. आम्ही दोघींनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

कारण आजही आम्ही तेच विचारतो. आता पाड्यावर रेंज येते. जयवंतीच्या फोनमध्ये प्रमोदचा नंबर आहे, माझ्या फोनमध्ये तिच्या सासूचा. कोणी ठरवलं नाही, त्या हिवाळ्यानंतर तसं पडत गेलं. आपल्या माणसाला फोन लावायला हात उचलत नाही, दुसऱ्याच्या माणसाला लावता येतो.

आज सकाळी मी खिडकी ओढून घेतली. जयवंती दारात उभी राहिली. "पयले डबं," ती म्हणाली. "आवाज आधी," मी म्हणाले. मग तिने तिचा फोन काढला, मी माझा. तिचा लगेच लागला. तिने ऐकलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "जेवन काय हाय, इचारतात." प्रमोद सुखरूप होता. पण माझ्या कानात अजून नुसती घंटा वाजत होती. जयवंती माझ्या तोंडाकडे बघत होती. घंटा थांबली, मी पुन्हा लावला, ती पुन्हा वाजायला लागली. तव्यावरची पोळी जळायला लागली होती आणि आम्ही दोघी हललो नाही.

पलीकडून रोशनी म्हणाली, "कोन?"

मी फोन जयवंतीच्या पिठाच्या हातात दिला आणि खिडकी उघडली.